कुलिंग टॉवरचे तुषार

उन्हाळ्यात डबा खाऊन झाला की मी आमच्या कारखान्यातल्या कुलिंग टॉवरपाशी जाऊन उभा राहायचो. वरून बारीक तुषार उडायचे, चेहरा गार व्हायचा. ओठांवर आलेले थेंब मी चाटलेसुद्धा आहेत.

काल टॉवर साफसफाईसाठी बंद होता. त्याच्या तळातली टाकी मी पहिल्यांदाच रिकामी पाहिली. शेवाळाचा हिरवाकाळा चिखल, त्यात सडलेली पारव्याची पिसं आणि नाकात बसणारा कुबट वास. त्या गुडघाभर गाळात फावडं घेऊन आमचे सफाई कामगार शांतारामकाका उभे होते.

यंत्रांची उष्णता घेऊन आलेलं पाणी इथे वरून फळ्यांवर सांडतं. पंखा हवा ओढतो, थोडं पाणी वाफ होऊन ती उष्णता घेऊन उडून जातं, आणि उरलेलं गार होऊन टाकीत पडतं, ते पुन्हा यंत्रांकडे. उडते ती वाफ स्वच्छ असते. घाण मात्र खालीच राहते, प्रत्येक फेरीला दाट होत. मी इतके दिवस तुषारांनाच वाफ समजत होतो. ते या टाकीतल्या पाण्याचेच शिंतोडे होते. शी!

"काका, मी रोज इथे तोंड वर करून उभा असायचो. एकदा तरी सांगायचंत!"

काकांनी फावडं टेकवलं. "सांगणार होतो, साहेब. पण मी जवळ आलो की तुम्ही नाकाला रुमाल लावायचात. म्हटलं, ह्यांना घाण बरोब्बर कळते."