आजोबांशेजारची जागा

"कोणाचे, ते राहू द्या. तुम्ही कोण, ते सांगा."

वॉर्डाच्या मुख्य नर्स, आमच्या सिस्टर, हे वाक्य दिवसातून दहा वेळा तरी म्हणायच्या. आपल्या खानदेशात माणूस भेटला की आधी गाव, मग आडनाव, मग बापाचं नाव निघतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे. धुळ्यातल्या त्या जुन्या दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन म्हणून रुजू झालो तेव्हा मीही तसंच सांगितलं. पाचोऱ्याच्या अमक्या गुरुजींचा मुलगा. सिस्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"कामाला गुरुजी येणार आहेत की तुम्ही?"

वॉर्डातल्या मावशी तोंडाला पदर लावून हसल्या. 

सिस्टर बुटक्या, अंगानं बारीक, आणि बाराही महिने हातात काळी छत्री. धुळ्याचं ऊन बघता त्यात नवल नाही, पण ती छत्री त्या वॉर्डातसुद्धा घेऊन फिरायच्या. रुग्णाच्या पलंगाखाली नातेवाइकांनी खरकटं ठेवलेलं असलं की छत्रीच्या टोकानं बाहेर ओढायच्या. मोठे डॉक्टरही त्या टोकाला वचकून असत. इंजेक्शन देताना मात्र हात इतका हलका, की पोरं रडायचं विसरत.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. त्यांचं घराणं इथल्या ख्रिस्ती मंडळीतलं पहिलं. साक्रीकडच्या खेड्यातून बाप्तिस्मा घेऊन आलेला पहिला माणूस म्हणजे त्यांचे आजोबा. चर्चच्या भिंतीवरच्या दगडात त्यांचं नाव आहे. सणाच्या दिवशी पुढचं बाक या घराण्यासाठी मोकळं ठेवत. सिस्टर त्यावर कधी बसल्या नाहीत. "तिथं पंख्याचं वारं लागत नाही," एवढंच सांगायच्या.

आमच्या वॉर्डात एक मामा होते. दवाखान्यात सफाई करणाऱ्या आणि स्ट्रेचर ओढणाऱ्या माणसाला मामाच म्हणतात. हे मामा भिल्ल, शिरपूरच्या पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याचे. बायको आजारी म्हणून तिला घेऊन आले होते. ती दीड महिना आमच्याकडे होती. ड्यूटी संपली की सिस्टर तिच्याजवळ बसायच्या, तिचे केस विंचरायच्या. ती वाचली नाही. मामा गावी परत गेले नाहीत, त्याच वॉर्डात कामाला लागले. पुढे एका रविवारी ते चर्चमध्ये शेवटच्या बाकावर जाऊन बसले, आणि दोन वर्षांनी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, उलट चर्चच्या धर्मगुरूंनी, पाळकांनीच, त्यांना बराच काळ थांबवलं होतं.

मी एकदा विचारलं, "मामा, तिकडं काय मिळतं तुम्हाला?"

"काही भेटत नही भाऊ," मामा म्हणाले. "पन कोनीतरी ऐकस, असं वाटस."

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एप्रिलच्या दुपारी मामा दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली टेकले ते उठलेच नाहीत. मी त्यांच्या भावाला फोन लावला. त्यानं ऐकून घेतलं आणि सांगितलं, त्यानं आमचे देव सोडले, आता तो आमच्या मातीत नको. फोन बंद.

सिस्टर चर्चकडे निघाल्या. मी मोटारसायकलवर त्यांना घेऊन गेलो, म्हणून पुढचं सारं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. मंडळीची दफनभूमी लहान आहे आणि तिच्यात घराण्यांच्या रांगा ठरलेल्या आहेत; रांगेत जागा नसली की घराण्यातल्या माणसाला मागच्या भिंतीकडे नंबरानं जागा मिळते. मामांना घराणंच नव्हतं. पंचांमध्ये मुख्य होते नाना, सिस्टरांचे सख्खे चुलतभाऊ. नाना वाईट माणूस नव्हते. मामांना त्यांनी स्वतःचा स्वेटर दिलेला मी पाहिला होता.

"बाई, मलाही वाईट वाटतंय," नाना म्हणाले. "पण नियम आहे. अशांसाठी महापालिकेची जागा आहे ना."

"आजोबांच्या शेजारची जागा माझी आहे," सिस्टर म्हणाल्या. "ती मामांना द्या."

"ती आपल्या घराण्याची आहे."

"नाना, आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांचं घराणं कुठं होतं? त्यांच्या बापानं जिवंत पोराच्या नावानं आंघोळ केली होती."

"ते वेगळं."

"काय वेगळं? तेही असेच एकटे आले होते. देवावर भरवसा टाकला म्हणून त्यांचं तारण झालं. आणि आपण नातवंडं म्हणून आपलं आपोआप झालं, असं वाटतं तुम्हाला?"

सिस्टरांचा आवाज चढला नव्हता.   नाना एकदम लहानपणचं बोलल्यासारखं म्हणाले, "मग तू कुठं जाशील गं?"

"जिथं नंबर लागेल तिथं."

मामांना आजोबांच्या शेजारी ठेवलं. पाळक धरून आम्ही सहा जण होतो. माती लोटून झाली आणि फाटकातून एक बाई धावत आली, डोक्यावर पदर, पायात धूळ. मामांची लेक. काकांना न सांगता दोन एसट्या बदलून आली होती.

"मना बाप कोठे शे?" तिनं विचारलं.

सिस्टरांनी तिला जवळ घेतलं. त्या एरवी शुद्ध बोलायच्या, पण तेव्हा तिच्याच अहिराणीत म्हणाल्या, "आठेच शे, बेटा. आमना घरमा शे."

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी म्हटलं, "सिस्टर, तुम्ही आपली जागा देऊन टाकलीत." त्यांनी बिस्कीट बुडवलं, ते तुटून कपात पडलं, ते चमच्यानं काढत त्या सांगू लागल्या.

"मी बावीस वर्षांची होते, भाऊ. नर्सिंग शिकत होते. आई आजारी पडली. तिच्या उशाशी प्रार्थनेला बसले, तर तोंडातून येतं ते सगळं आजोबांचं पाठ केलेलं. माझा एक शब्द नाही. तेव्हा कळलं, इतकी वर्षं मी त्यांचीच शिदोरी बसून खात होते. मग मला माझं मागावं लागलं, अगदी परक्यासारखं हात पसरून."

"मिळालं?"

"मिळालं. मामांना मिळालं तेच. तसूभर जास्त नाही."

मी माझ्या घरचे देव पूजणारा माणूस. त्यांच्या शास्त्रातलं मला फार कळत नाही. पण त्या दिवसानंतर मी कोणाला माझी ओळख गुरुजींचा मुलगा म्हणून दिलेली नाही.

निवृत्तीनंतर सिस्टर फार जगल्या नाहीत. शेवटी आमच्याच वॉर्डात होत्या. मी भेटायला गेलो की नव्या नर्सच्या चुका मला हळूच सांगायच्या. एकदा मी विचारलं, भीती वाटते का. म्हणाल्या, "वाटते की. रोज वाटते. मग रोज देवाचा हात धरते."

त्या गेल्या तेव्हा नंबर लागला तो पार मागच्या भिंतीजवळ. तिथं माती नाही, मुरूम आहे. खणणारी दोघं माणसं घामाघूम झाली, तरी खड्डा कमरेइतकाही होईना. नाना कडेला उभे होते. पंचाहत्तरी उलटलेली, अंगात काळा कोट. त्यांनी कोट काढून माझ्या हातात दिला, बाह्या वर केल्या आणि खाली उतरून टिकाव मागितला.

"नाना, राहू द्या," पाळक म्हणाले.

नानांनी टिकाव हाणला. धाप लागली की टिकावावर रेलायचे, डोळे पुसायचे, आणि पुन्हा खणायला लागायचे.