पंचनाम्यावरची माझी सही

मित्रांनो, आज कोर्टात साक्ष देऊन आलोय.

दोन वर्षांपूर्वी ऑफिसला जाताना नाशिक रोडला एका हवालदाराने थांबवलं. "साहेब, सरकारी नोकर ना? पंच म्हणून दोन मिनिटं चौकीत या." टेबलावर पिस्तूल होतं, पंचनामा लिहून तयार होता. मला लेटमार्कची धास्ती. न वाचताच सही ठोकली.

त्यात लिहिलं होतं, पिस्तूल एका रिक्षावाल्याच्या सीटखालून माझ्यासमोर काढलं.

आज सरकारी वकिलांनी विचारलं, "तुमच्यासमोरच काढलं ना?"

आरोपीच्या पिंजऱ्यातून तो रिक्षावाला माझ्याकडेच बघत होता. मी म्हणालो, "नाही."

"मग ही सही कुणाची?"

"माझीच."

"तेव्हा खोटं बोललात की आता?"

मग रिक्षावाल्याच्या वकीलबाई उठल्या. "पंचनामा वाचून सही केली होती?"

"नाही."

"हा माणूस अकरा महिने जेलमध्ये होता, माहितीये?"

पिस्तूल त्याचं होतं की नव्हतं, ते मला आजही माहीत नाही.

खोट्या कागदावर सही केली, त्या दिवशी मला चौकीत चहा पाजला होता. आज खरं बोललो, तर कोर्टाच्या कागदावर नोंद झाली, "साक्षीदार फितूर."

तुमच्यापैकी कुणी पंच म्हणून सही केलीय? वाचून केली होतीत?