बेंबी जाग्यावर हाय

घाटंजीच्या बाजारात गाद्या भरून देणारा रहमत पिंजारी तुमी पाह्यला असंल. मोठा दांडगा माणूस हाय, पिंजण हाती घेतलं का लोक उभे राहून पाहतात. त्याले कोणी पुसलं, का बाप्पा, राजूरकडची कोयल्याची खाण काहून सोडली, तं तो सरळ सांगते, "भेव वाटलं म्हणून." ऐकणाऱ्याले वाटते, मजाक करून राह्यला. मजाक नसते ते. हे तीन शब्द तोंडातून काढाले त्याले चार महिने लागले, अन ते चार महिने माह्या कपाळाचं कुकू त्याच्या कानाच्या भरवशावर होतं.

सांगते. मधात कोणी बोलू नका, मले मंग राग येते.

मी तानाबाई. तवा आमी राजूरले खाणीच्या चाळीत राहो. आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या दोन वर्सानंतरची गोष्ट हाय. आमच्या घरचे खाणीत कोयला भरत. नाव मी घेत नाई, पण बाकीचे त्याइले गोविंदा म्हणत. अन मी बेंबी बसवो. हासाले काय झालं? पोटात धडधड झाली, भूक मेली, हातपाय गळाले लागले, तं लोक म्हणत बेंबी सरकली, अन सकाळी उपाशीपोटी माह्या दारात हजर. सासूनं, आमच्या आत्याबाईनं, शिकवलं होतं मले. माणसाले चटईवर उताणं झोपवाचं. बेंबीवर दोऱ्याचं एक टोक धराचं अन दोरा एकदा डाव्या छातीपर्यंत न्यायचा, एकदा उजव्या. दोन्हीकडं सारखा भरला तं बेंबी जाग्यावर. कमी-जास्त भरला तं सरकली. मंग बेंबीवर कणकीचा दिवा लावाचा अन वरून तांब्या पालथा घालाचा. दिवा इझते, तांब्या पोट धरून बसते. जरा वेळानं तांब्या काढून गुळाचा खडा द्यायचा, पायाच्या आंगठ्याले काळा दोरा बांधाचा अन म्हणाचं, "बसली. जाय आता."

सासूनं दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, आलेल्या माणसाले तुले काईच झालं नाई असं म्हणून परत धाडाचं नाई. दुसरी, घरच्या माणसाची बेंबी आपण पाहाची नाई.

रहमत आमच्या बाजूच्या खोलीत राहे. बाप घाटंजीले पिंजारी, त्याच्यामुळं लहानपणापासून पिंजणाच्या तारेचा आवाज त्याच्या कानात बसलेला. तार ढिली हाय का कापूस ओला हाय, नुसत्या आवाजावरून सांगे. तोच कान खाणीत कामी आला. खाली जिथं खोदाचं तिथलं छत आंधी लोखंडी सळईनं ठोकून पाहा लागते. पक्कं छत खणखण वाजते, सुटलेलं भदभद वाजते. हे ठोकाचं काम रहमतचं. तो "पक्कं" म्हणे तवाच टोळी छताखाली बसे. टोळीचा सरदार पूनमसिंग मोठा खडूस माणूस, पण रहमतच्या कानापुढं त्याचं काई चालत नव्हतं. आमच्या घरचे म्हणत, रहमतनं पक्कं म्हटलं का मी डोळे मिटून घमेलं भरतो.

दसऱ्याच्या आंधी एक दिवस छत पडलं. रहमतनं आवाज ओळखला होता. "भागा" म्हणून वरडला अन सारे भागले. तोच एकटा पलीकडं राह्यला. दिवा इझला. दोन घंटे तो अंधारात पाय पोटाशी घेऊन बसला होता, अन डोक्यावर खडे गळत होते. काढला तवा आंगावर ओरखडाबी नव्हता. लोकाइनं त्याले खांद्यावर घेतलं. जमिलानं, त्याच्या बायकोनं, साऱ्या चाळीत शिरणी वाटली. तोबी हासून राह्यला होता. मले वाटलं, झालं, सुटला.

आठ दिवसानं जमिला त्याले धरून माह्याकडं घेऊन आली. माणूस वळखू येईना. ओठ कोरडे, कपाळावर घाम, अन सकाळची थंडी.

"मौसी, याइले पाह्य ना जरा," जमिला म्हणाली. "खाणीच्या तोंडाशी गेले का छाती धडधडते. श्वास पुरत नाई. बोटाइले मुंग्या येतात. काल तं पोटरीतलं बळच गेलं, खाली बसले."

"दवाखान्यात दाखवलं का?"

"दाखवलं," रहमत म्हणाला. "डाक्टरनं नळी लावली, पाठ ठोकली, म्हणे काईच नाई तुले. मौसी, डाक्टरलेबी सापडत नाई असा कोणता रोग असंल?"

त्याले झोपवलं. दोरा डावीकडं नेला, उजवीकडं नेला. केसाएवढाबी फरक नव्हता. बेंबी जाग्यावर होती.

मले तवाच समजलं. त्या माणसाले भेव वाटून राह्यलं होतं, दुसरं काई नाई. पण हे बोलाचं कसं? आदल्या साली टोळीतला एक जण खाली उतराले नाई म्हणाला, तं दुसऱ्या दिवशी त्याच्या दाराच्या कडीले हिरव्या बांगड्या लटकवल्या लोकाइनं. चाळीतले सारे दात काढून हासले. आमच्या घरचेबी हासले, अन खरं सांगते, मीबी हासली. महिन्याभरात बिचारा बायकोले घेऊन निंगून गेला. अशा ठिकाणी रहमतएवढ्या माणसाले भेला म्हणाची माही हिंमत झाली नाई. मी दोऱ्यावरचा आंगठा हळूच अर्धं बोट सरकवला अन म्हटलं, "सरकली हाय, बाप्पा. चांगली दोन बोटं."

त्याच्या तोंडावर रंगत आली. मंग दिवा लावला, तांब्या बसवला, गूळ दिला. "बसली," मी म्हटलं. "जाय आता." खाणीच्या भोंग्याच्या आवाजावर तो उठला अन ताडताड गेला. जमिलानं माहे पाय धरले. मले मोठं चांगलं वाटलं त्या दिवशी. मूर्ख बाई मी.

त्या खेपेले पंधरा दिवस निभावले. मंग आठ. मंग चार. संक्रांत झाली अन तो दर दिवसाआड येऊ लागला. आंगठ्याले दोऱ्यावर दोरे झाले. जेवण तुटलं, आंगावरचा सदरा ढिला पडला. जमिला सांगे, भाकरीचा तुकडा हातात घेऊन नुसते वरतं आढ्याकडं पाहत राहतात. अन मी दरवेळी आंगठा सरकवो अन बसली म्हणो. आता मलेबी काई तरी होऊ लागलं होतं. तो दारात दिसला का मी चूल फुंकाच्या निमित्तानं पाठ फिरवो. हे कधीतरी उघडं पडंल, असं वाटे. पण काय उघडं पडंल, हे मले तवा ठाऊक नव्हतं.

माघातल्या एका सकाळी तो आला. एकटाच आला. झोपला, मी दिवा लावला, तांब्या घातला. तांब्या पोटावर असतानाच तो वर पाहत बोलला.

"मौसी, आज बसलीच पायजे. पक्की बसव."

"बसन ना. काहून, आज काय हाय?"

"मले छत ऐकू येत नाई."

मले आंधी समजलंच नाई. "म्हणजे?"

"सळई ठोकतो, पण कानात माही छातीच वाजते. तिच्यापुढं छताचा आवाज येतच नाई. दहा-बारा दिवस झाले."

"मंग पक्कं कोण म्हणते?"

"मीच म्हणतो. अंदाजानं."

दहा-बारा दिवस. दहा-बारा दिवस आमच्या घरचे त्या छताखाली डोळे मिटून घमेलं भरून राह्यले होते, अन छत पक्कं हाय का सुटलं हे कोणालेच ठाऊक नव्हतं. अन ह्याले दर दिवसाआड गूळ चारून खाली कोण धाडत होतं? मीच. मी तांब्या काढाले गेली, तं निंघता निंघेना, कसाबसा ओढून काढला. माह्या बोटाइले मुंग्या आल्या. श्वास वरच्यावर अटकला. जमिला जे जे सांगे, ते सारं माह्या आंगात आलं.

आतमधी आमच्या घरचे पाण्याचा डबा भरून राह्यले होते. डब्यात पाणी पडल्याचा आवाज येत होता. भोंगा व्हाले थोडाच टाइम होता.

मी दोरा उचलून त्याच्या हातात दिला. "रहमत, तुही बेंबी जाग्यावर हाय. पयल्या दिवसापासून जाग्यावर हाय. मी आंगठा सरकवत होती. तुले रोग नाई. तुले भेव वाटते."

मले वाटलं, आता हा तांब्या फेकून मारंल. तो उठून बसला अन दोरा बोटाले गुंडाळत राह्यला.

"मले मालूम हाय, मौसी," तो म्हणाला. "मी घरी जमिलाच्या शिवणाच्या दोऱ्यानं मापून पाह्यलं होतं. दिवाळीलेच."

"मंग कायले येत होता रे?"

"तू बसली म्हणत होती ना. ते ऐकाले."

तेवढ्यात आमच्या घरचे डबा घेऊन बाहेर आले. "चाल रहमत," म्हणाले. "काय लेका, रोज रोज बेंबी सरकते तुही, बाळंतीण हायस का?" असे हासत होते. मी रहमतच्या तोंडाकडं पाहत होती. तो आता उठला अन गेला असता, तं मी आमच्या घरच्याइले अडवणार होती का नाई, देवाले ठाऊक. पण तो उठला नाई.

"गोविंदाभाऊ," तो म्हणाला, "मले छत ऐकू येत नाई. मले भेव वाटते. आज मी पक्कं म्हटलं तरी तुमी खाली बसू नका."

आमच्या घरच्याइचं हासू तोंडावरच राह्यलं. मंग डबा खाली ठेवून ते पूनमसिंगकडं गेले. त्या दिवशी दुसऱ्या टोळीतला माणूस छत ठोकाले घेतला. छत पडलंबिडलं काई नाई. म्हणून तं लोकाइनं म्हटलं, उगाच भेला.

संध्याकाळी रहमतच्या कडीले बांगड्या होत्या. हिरव्या, नव्याकोऱ्या. लोक हासाले म्हणून बाहेर येऊन उभे. जमिला आली, बांगड्या कडीवरून काढल्या, उजेडात धरून पाह्यल्या अन एकेक करून हातात भरल्या. "मापाच्या हायत वं, मौसी," मले म्हणाली. "कोणी आणल्या त्याले सांगजो, आवडल्या म्हणून." अन तिनं चूल पेटवाले घेतली. लोक घटकाभर उभे राह्यले अन मंग आपापल्या घरात गेले.

होळीच्या आंधी ते दोघं घाटंजीले गेले. अजूनबी त्याले भर बाजारात कधीमधी तसं होते. तो पिंजण खाली ठेवते, जमिनीवर बसते, पोटावर आपलाच हात ठेवते अन मोठ्यानं म्हणते, "हे छाती वाजून राह्यली, छत नाई." लोक पाहतात तं पाहू देते. जरा वेळानं पुन्हा पिंजण उचलते. मीबी तसंच करते आता. मलेबी ते तवापासून लागलं हाय.

पण त्या बांगड्याइच्या दुसऱ्या दिवशीचं राह्यलं. सकाळी डबा भरला, भाकर बांधली. आमच्या घरचे सदरा घालता घालता थांबले. सदरा खुंटीले लावला अन रहमत झोपे त्या चटईवर जाऊन उताणे झाले.

"माह्यं पाह्य," म्हणाले.

"घरच्याची पाहत नसतात," मी म्हटलं. "आत्याबाईनं सांगतलं हाय."

"आज पाह्य."

मी दोरा धरला. डावीकडं नेला, उजवीकडं नेला. सारखा भरला. पण दोरा माह्या आंगठ्याखाली उडत होता. पोटावर हात ठेवला, तं आतून इतक्या जोरानं धडधडत होतं का मले वाटलं तांब्या ठेवला तं वाजंल. हे रहमतले हासणारे. डोळे मिटून घमेलं भरणारे.

"कवापासून हाय हे?" मी पुसलं.

"खाणीत लागलो तवापासून."

अकरा वर्सं झाली होती. "अन मले काहून नाई सांगतलं?"

ते आढ्याकडं पाहत होते. "तू बसली म्हटलं असतं," म्हणाले, "अन मले जा लागलं असतं."

भोंगा झाला. मी दोरा खाली ठेवला. बसली म्हटलं नाई. भोंगा वाजून बंद झाला, दारावरून टोळी निंगून गेली, पूनमसिंगनं दोनदा गोविंदा म्हणून हाक मारली. मी त्याइच्या पोटावरचा हात उचलला नाई.