मामांचा पितळी डबा

यजमानाचा अपमान करण्यात आमच्या मामांचा हात धरणारा माणूस अख्ख्या मुंबईत सापडला नसता. आईचे हे धाकटे भाऊ घाटकोपरला एकटे राहत, कचेरीत हेडक्लार्क होते आणि कुणाकडेही जेवायला जाताना स्वतःचा पितळी डबा घेऊन जात. दोन पोळ्या, बटाट्याची कोरडी भाजी, पाणीसुद्धा स्वतःच्या फिरकीच्या तांब्यातलं. बसणार तेही दाराकडे तोंड करून, पहाऱ्यावरच्या शिपायासारखे. साहेबांच्या मुलाच्या मुंजीत जिलबी वाढायला आली, तर या महाशयांनी केळीचं पान बाजूला सारून डबा उघडला! कारण विचारावं तर उत्तर ठरलेलं, "मला बाहेरचं सोसत नाही." कचेरीबाहेरची विकतची तेलकट भजी मात्र त्या नाजूक पोटाला बिनबोभाट सोसत. असा आढ्यतेखोर माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पण आई गेल्यावर माझ्या बाजूचं वडीलधारं असं तेवढंच उरलं होतं. म्हणून मुलीच्या बारशाला मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत त्यांना आग्रहाने बोलावलं. ते रेशनचे दिवस. बायकोने महिनाभर गूळ बाजूला ठेवून पुरणपोळ्या केल्या होत्या. निदान नातीच्या बारशाला तरी मामा जेवतील, एवढीच तिची आशा. शेवटच्या पंगतीला घरचेच उरलो, तिने मामांना पान वाढलं, आणि मामांनी पिशवीतून डबा काढला. तिचे डोळे भरून आले. माझं डोकंच फिरलं.

"मामा, खायचं नसेल तर आमच्या पानावर बसता कशाला?"

मामांनी उघडलेला डबा पुन्हा बंद केला.

"मी वार लावून शिकलो रे," ते खाली बघत म्हणाले. "रोज एकाच्या घरी जेवायचं. गुरुवारच्या घरी एकदा पहिला घास हातात होता, आणि घरधनी बाहेरून आला. सगळ्यांदेखत म्हणाला, 'याला पानावर कोणी बसवलं?' घास ठेवला नि उठलो. तेव्हापासून दुसऱ्याच्या पानावर घास उतरत नाही बघ. डबा आपला असला की कुणी उठवत नाही."

आणि मी आत्ता नेमकं तेच बोललो होतो. मला माझीच लाज वाटली.

बायको डोळे पुसून त्यांच्या शेजारी येऊन बसली. "मामा, सकाळपासून पोटात काही नाही माझ्या. तुमच्यातलं वाढा ना मला."

मामा गडबडले. त्यांनी डबा उघडला आणि एक पोळी तिच्या पुढ्यात ठेवली. तिने ती आधी खाल्ली, मग अर्धी पुरणपोळी त्यांच्या डब्याच्या झाकणात ठेवली. मामांनी तुकडा मोडला, पण हात तोंडापाशी थबकला. नजर दाराकडे.

मी उठलो आणि दाराला कडी घातली.