हातपंपानंतरचं घर

शैलाचं पत्र येऊन सात महिने झाले, आणि अच्युतरावांनी अजून उत्तर दिलेलं नाही. तिचे वडील गेनबा शेलार, चांदेवाडीचे पोस्टमन, बार्शीला लेकीकडेच वारले. तिनं लिहिलंय : ‘काका, शेवटच्या आठवड्यात बाबा पडल्यापडल्या टपाल वाटत होते. कंदांची गिरणी, वाळुंजांचा गोठा, कोलतेबाई, हातपंप, असं ओळीनं. हातपंपाशी आले की अडायचे. एकच घर राहिलंय, पुढं कोण, म्हणून मला विचारायचे. मला कुठलं ठाऊक? तुम्ही लिहून कळवा. वर्षश्राद्धाला त्यांच्या फोटोसमोर मी सगळा फेरा पुरा म्हणणार आहे.’

वर्षश्राद्ध पुढच्या सोमवारी आहे.

अच्युतराव चांदेवाडीच्या वाचनालयाचे ग्रंथपाल होते. कुणाच्या दारात जायचं म्हणजे त्यांना संकोच. म्हणून वर्गणीदारांची पुस्तकं गेनबाच टपालाबरोबर घरोघरी पोचवायचा. तेव्हा त्याचा फेरा त्यांना पाठ असायला हवा. पण चांदेवाडी आता पुण्यात गेली. वाचनालयाच्या जागेवर बावीस मजले चढले, आणि त्यातल्याच अकराव्या मजल्यावर ते मुलासुनेकडे राहतात. खाली उतरलं की दर महिन्याला रस्ता वेगळाच वळलेला असतो. हातपंपापुढं शितोळे, की थेट देऊळ? गेलेल्या माणसाच्या फेऱ्यात चुकीचं घर कसं घुसवायचं? लिहिलेले चार कागद त्यांनी फाडले आहेत.

आज जेवून ते आडवे होतात. शेजारच्या प्लॉटवर पाया खणणारं यंत्र धडधडतंय, त्यानं पलंग हादरतोय. डोळे मिटतात, उघडतात, पुन्हा मिटतात.

गेनबा लिफ्टमध्ये उभा आहे. खाकी सदरा, खांद्याला पिशवी.

“चल की. का वर्गणी भरून घेतोस आधी?”

“गेनबा, तू तर...”

“व्हय, गेलो. म्हणून टपाल थांबतं व्हय?”

लिफ्टच्या बटणांवर आकडे नाहीत, आडनावं आहेत. गेनबा ‘कंद’ दाबतो. दार पार्किंगमध्ये उघडतं. गाड्यांच्या मधोमध गिरणीचा पट्टा फिरतोय, काचांवर पीठ बसलंय. गेनबा एक कार्ड टाकतो आणि पुढं होतो. पोहण्याच्या तलावात वाळुंजांच्या म्हशी मानेपर्यंत डुंबताहेत. फ्लॅट विकणाऱ्या कचेरीत, काचेखालच्या चिमुकल्या इमारतींपाशी, कोलतेबाई मांडीवर पुस्तक घेऊन बसल्या आहेत.

“अर्धंच झालंय हो,” त्या म्हणतात. “अजून आठ दिवस राहू द्या.”

“यांना विचारा,” गेनबा म्हणतो. “मी नुसता हमाल.”

अच्युतराव मान डोलावतात. नाही म्हणणं त्यांना तेव्हाही जमत नव्हतं.

आता सहापदरी रस्ता. वाहनं आवाज न करता दोन्ही अंगांनी जातायत आणि मधोमध हातपंप उभा आहे. गेनबाच्या हातातला गठ्ठा सुटलाय. तो सुतळी गुंडाळतो.

“गाठ मारतो, बोट ठेव.”

अच्युतराव पिळावर तर्जनी दाबून धरतात. गेनबा सुतळी करकचून ओढतो.

“पुढं कोण?”

“शितोळे असावेत. नाहीतर देऊळ. मला खात्री नाही रे.”

“तुला कधी होती?”

असं म्हणत गेनबा एका पायरीवर टेकतो. ती पायरी मघाशी नव्हती. मागं हिरवं दार आहे, कोनाड्यात वर्गणीदारांच्या पुस्तकांची चळत. अच्युतराव दाराला हात लावून बघतात.

“हे माझं घर आहे. पण मला कधी पत्रच यायचं नाही.”

“न्हाईच यायचं. तरी तीस वर्सं थांबलो की. पानी प्यायला, पुस्तकं उचलायला.”

“मग अडायचास का?”

“बाकीच्यांची नावं रोज पाकिटावर वाचायचो, ती तोंडात बसली. तुझं कुठं वाचणार?” गेनबा उठून पिशवी सावरतो. “आता पोरीला कळव. कवाधरनं वाट बघतीय.”

अच्युतराव जागे होतात. यंत्र थांबलंय, ऊन पलंगावर आलंय. उजव्या तर्जनीवर सुतळीचा पिळदार वळ आहे. ते बोट चोळतात. वळ जात नाही.

टेबलाशी बसून ते लिहितात : ‘शैला, हातपंपानंतर माझं घर.’ पुढं ‘बहुतेक’ लिहितात, खोडतात, आणि पाकीट बंद करतात.

“बाबा, एवढ्या उन्हात?” सून विचारते. “फोन करा ना त्यांना.”

“लिहून मागितलंय तिनं.”

कोपऱ्यावरची पत्रपेटी रुंदीकरणात गेली. पोस्ट रस्त्यापलीकडे. दुभाजकापाशी ते बराच वेळ उभे राहतात, शेवटी एका भाजीवाल्या बाईला पलीकडे सोडायला सांगतात. अनोळखी माणसाशी स्वतःहून बोलणं महिन्यातलं हे पहिलंच.

खिडकीतली मुलगी पाकीट उलटं करून बघते.

“सोमवारच्या आत पोचेल ना?”

“स्पीड पोस्टनं पोचेल. पण आजोबा, मागं तुमचं नाव, पत्ता काहीच नाही.”

“लागतो का?”

“उत्तर आलं तर कुठं द्यायचं? नीट लिहा. तुमच्याकडचा पोस्टमन नवीन आहे.”

अच्युतराव पाकीट परत घेतात. मोठ्या, सुट्या अक्षरांत आपलं नाव लिहितात, खाली पत्ता, आणि काचेखालून आत सरकवतात.