काकडीचं एक क्रेट

जुन्नरच्या बाजारपेठेत आमचं मोटर-पंपांचं दुकान आहे आणि वरच्या खोलीत माझं ऑफिस. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक लॅपटॉप आणि वर खडखडणारा पंखा. पुण्यातल्या एका लहानशा कंपनीचं ॲप आहे. मार्केटला जाणाऱ्या टेंपोत शेतकऱ्यानं त्यावरून आपल्या मालाला जागा धरायची. ते ॲप नीट चालतंय का, हे मी तपासते. दुसऱ्यांच्या चुका काढायचा हिला पगार मिळतो, असं पप्पा गिऱ्हाइकांना सांगतात. माझा स्वभाव बघता मी ते काम फुकटही केलं असतं.

मध्यंतरी एक घोळ झाला. बाकीकडून बुकिंग येत होतं, पण जुन्नर-आंबेगावातून जवळजवळ काहीच नाही. कंपनीतल्या मॅडम म्हणाल्या, महिनाभर वाट बघू, नाहीतर तो भाग बंद करू आणि मग तुला पुण्याला यावं लागेल. जोडीला आणखी एक काम दिलं. ॲप तपासायची दोन सॉफ्टवेअर होती. ती वापरून तुलना करायची आणि कुठलं घ्यायचं ते सांगायचं.

मला जायचं नव्हतं. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, आणि पप्पा स्वतःचं ताट वाढून घेत नाहीत. कुणी वाढलं नाही तर भूक नाही म्हणतात. पुण्याचं सांगितलं तेव्हा मात्र, "जा की. मी काय लहान आहे?" असं म्हणून ते उगाच पाइपांवरची धूळ पुसायला लागले. मग मीही तोऱ्यात म्हटलं, "जाणारच आहे."

पहिलं सॉफ्टवेअर मला फार आवडलं. ते शिस्तीचं होतं. आपण सांगू तसं आपलंआपण ॲप उघडायचं, माल निवडायचा, बटण दाबायचं, असं शंभर वेळा करून शंभर हिरव्या खुणा द्यायचं. दुसरं म्हणजे खिडकीतून डोकावणारी शेजारीण. खरे लोक ॲपमध्ये काय करतात ते ती बघायची. नाव, नंबर काही नाही. फक्त गाव, माल, आणि बोट कुठे टेकलं, किती वेळ टेकलं. मला हा नसता चोंबडेपणा वाटला, आणि तुलनेच्या तक्त्यात मी पहिल्याला झुकतं माप दिलं. ॲप ठणठणीत आहे, लोकांनाच वापरता येत नाही, असा शेराही ठोकून दिला.

पण तक्ता पुरा करायचा म्हणून शेजारणीचं ऐकणं भाग होतं. कळंबच्या कुणीतरी झेंडू भरला, शेवटच्या हिरव्या बटणावर बोट ठेवलं आणि तिथेच ठेवलं. पाच सेकंद. मग उचललं. काहीच झालं नाही. पुन्हा ठेवलं, आणखी जोरात असावं. शिनोलीचा बटाटा तसाच, बेल्ह्याचा कांदाही तसाच. शेजारणीनं प्रत्येकापुढे लिहिलं होतं, 'ग्राहक चिडलेला आहे.' त्यांच्यापेक्षा मीच जास्त चिडले होते. बटण काय मुरवायला ठेवलंय का?

त्यात एक नमुना खुद्द जुन्नरातला होता. रोज दुपारी अडीचला यायचा. कांदा, बटाटा, लसूण, आलं यांच्याकडे ढुंकूनही न बघता थेट काकडीवर जायचा. एक क्रेट. पाच सेकंद बोट. काही होत नाही, मग निघून जायचा. मी त्याचं नाव काकडीवाला ठेवलं.

संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत आम्ही जेवायला बसलो, तेव्हा मी हे पप्पांना हसत हसत सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"तुमच्या ऑफिसात हे सगळं दिसतं?"

"नाव दिसत नाही."

"मग ठीक आहे," म्हणून त्यांनी आणखी वरण मागितलं. "पण तुझी ती शेजारीण कामाची आहे. मोटर दुकानात फिरवून दाखवली की छानच फिरते. विहिरीवर सोडल्यावर काय ते कळतं."

ॲप म्हणजे पंप नव्हे, असं मी त्यांना सुनावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला खाली उतरत होते. पप्पा एका गिऱ्हाइकाला मोटरचा स्टार्टर दाखवत होते. "पावणं, हिरवं बटण दाबून लगेच सोडायचं न्हाई. धरून ठेवायचं. पाच मोजा, मोटरनं उचललं की सोडा."

मी जिन्यातच थांबले. आमच्या ॲपचं बटणही हिरवं, गोल, आणि त्यावर 'सुरू करा'. ते पटकन टेकवून सोडलं तरच चालायचं. धरून ठेवलं की ढिम्म. आणि दोन्ही तालुक्यांतल्या निम्म्या विहिरींना बटण धरायला माझ्याच बापानं शिकवलेलं.

मी गिऱ्हाइकापुढे माझा फोन धरला. "दादा, हे बटण दाबा बरं."

त्यांनी अंगठा ठेवला. ओठ हलत होते, मोजत होते. पाच झाले, सहा झाले. "उचलत न्हाई राव," ते म्हणाले. "होल्टेज लई कमी दिसतंय."

त्याच दिवशी ॲप दुरुस्त करून घेतलं. धरा नाहीतर सोडा, बटण चालणार. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बेल्हे आलं, कळंब आलं, शिनोलीही आलं. मी खोलीत अक्षरशः नाचले. तक्त्यातला शेरा खोडला आणि शेजारणीच्या नावापुढे 'हेच घ्या' लिहिलं. अडीच वाजता काकडीवाल्याचंही बुकिंग लागलं, तेव्हा तर मी टाळ्या वाजवल्या.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टेंपो आमच्या दुकानापुढे येऊन उभा राहिला.

"शेठ, काकडीचं एक क्रेट व्हतं ना? द्या लवकर, कळंबलाबी थांबायचंय."

पप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच पाइपांकडे बघितलं.

"रोजचंच दाबत होतो," ते म्हणाले. "लागेल असं वाटलं नव्हतं."

"पप्पा, काकडी?"

"जैनाच्या घरचा माल म्हणून कांदा कसा भरायचा?" मग आवाज खाली करून म्हणाले, "कुणीच बुकिंग करत नाही म्हणालीस. म्हटलं, एक तरी दिसू दे, म्हणजे तुला नेणार नाहीत. एकट्यानं जेवायला बसवत नाही गं मला."

मलाही जायचं नव्हतं, हे मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा सांगितलं, ड्रायव्हरसमोरच. ते बिचारे आमच्या तोंडाकडे बघत उभे होते. चूक माझी, क्रेट रद्द, असं सांगून मी त्यांची माफी मागितली आणि चहा पाजून त्यांना वाटेला लावलं.

महिनाअखेरीला मॅडमनी हा भाग चालू ठेवला. मी अजून वरच्याच खोलीत आहे. मॅडमना महिन्याच्या बुकिंगचा आकडा पाठवण्याआधी त्यातून काकडीचं ते एक बुकिंग मी वजा केलं, आणि शेजारणीची मागची पानं पुन्हा एकदा उघडली. रोज दुपारी अडीच, जुन्नर, काकडी, एक क्रेट, पाच सेकंद. प्रत्येक ओळीपुढे लिहिलं होतं, 'ग्राहक चिडलेला आहे.'