तिकडे मिळतं?

"तिकडे मिळतं?" असं विचारत वहिनी आमच्या बॅगेतून एकेक वस्तू बाहेर काढायच्या. "मिळतं" म्हटलं की वस्तू पलंगावर. अपील नाही!

जर्मनीत हॅनोव्हरला त्या आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. सुट्टीत भारतात जाणारं कुणीही असो, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आधी वहिनींची वेळ मागायचं आणि त्यांच्यासाठी दार उघडं ठेवायचं. माझ्या दिरांसाठी घेतलेला परफ्यूम त्यांनी सरळ बाहेर काढला.

"अहो वहिनी, त्यांनी मागितलाय!"

"मागू देत. पुण्यात ढिगानं मिळतो. सासूबाईंना बटाट्याची सालं काढायचं ते ने. इतकं धारदार तिकडे नाही मिळत."

मी चरफडले. सासूबाई मात्र अजून त्याचंच कौतुक सांगतात.

तुम्ही जर्मनीत कशा आलात, असं विचारलं की म्हणायच्या, "हा नवरा पुण्यात मिळेना, काय करता!" भाऊजी शेजारी बसून लाजायचे.

मग कंपनीनं भाऊजींना पुण्याला परत बोलावलं. लेक इरा आठ वर्षांची, जन्म इथलाच. ती आणि शाळेतली लेना म्हणजे सुईदोरा. हिवाळाभर मागच्या टेकडीवर एकाच लाकडी श्लिटनवर बसून बर्फावरून घसरत जायच्या. "इश ब्लाइबऽ हिअर," इरानं जाहीर केलं. मी इथेच राहणार. आणि आईशी अबोला धरला.

"हाक मारली की दार लावून घेते गं," वहिनी मला म्हणाल्या. एवढ्या खणखणीत बाईचा आवाज पार खाली गेला होता.

आता तुम्ही-आम्ही काय केलं असतं? आइसक्रीम दिलं असतं. वहिनींनी समुद्राकाठच्या एका म्युझियमची तिकिटं काढली. पूर्वी इथली माणसं बोटीनं अमेरिकेला गेली, जंगल तोडून तिथे वसली, त्यांचं म्युझियम. सगळ्याला हात लावायची मुभा. "बघू दे तिला. इथली माणसंसुद्धा गेलीच की घरदार सोडून!" त्या तिघांबरोबर आम्ही दोघं आणि लेना, अशी वरात ट्रेननं निघाली.

बोटीतल्या अरुंद फळ्यांवर आम्ही आडवे होऊन पाहिलं. ओंडका कापायची करवत भाऊजींच्या हातून सुटेना. शेवटच्या दालनात एक भलीमोठी लाकडी पेटी होती. भोवती कुऱ्हाड, बियाणं, तवा, घड्याळ, गोधडी. एका कुटुंबाला एकच पेटी, तर काय काय न्याल?

अहो, हा तर वहिनींचा प्रांत! ओढणी खोचून त्या पुढे झाल्या. "घड्याळ काढा, तिकडे मिळेल. बियाणं राहू दे." आजूबाजूची जर्मन मंडळीही गंमत बघत थांबली. तेवढ्यात इरा पुढे आली. तिनं पेटी भराभर रिकामी केली आणि लेनाचा हात धरून तिला आत बसवलं.

"गिब्ट्स डॉर्ट निष्ट," ती आईच्या डोळ्यांत बघून म्हणाली. ही तिकडे मिळत नाही.

वहिनींचा नियम वहिनींच्याच अंगाशी आला. मला वाटलं, आता ओरडतील, नाहीतर हसण्यावारी नेतील. त्या फरशीवर बसल्या. लेनाच्या केसांवरून हात फिरवला.

"खरंय तुझं," त्या इराला म्हणाल्या. "नाही मिळत."

बस्स. पुण्यात शंभर मैत्रिणी मिळतील वगैरे काही नाही. चारचौघांत लेकीपुढे हरायला छाती लागते हो! मला मेलीला नसतं जमलं. परतीच्या ट्रेनमध्ये इरा आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. वहिनी तिला थोपटत होत्या.

निघायच्या दिवशी विमानतळावर पाहते तर ट्रॉलीवर सगळ्यात वर ती श्लिटन. तिला जागा व्हावी म्हणून वहिनींनी आपली भांड्यांची आख्खी बॅग माझ्या गळ्यात घातली होती. "ठेव तुला. भांडी तिकडे मिळतात."

काउंटरवरची बाई तिकिटाकडे बघे, श्लिटनकडे बघे. "पुण्याला? पण तिथे तर बर्फच पडत नाही!"

"गेनाऊ, अगदी बरोबर," वहिनी म्हणाल्या. "नाही मिळत तिकडे. म्हणून तर नेतेय."

इरा खुदकन हसली आणि आईच्या बरोबरीनं ट्रॉली ढकलू लागली.

त्यांच्या कढईत मी आजही पोहे करते. भारतात जायचं ठरलं की बॅग उघडून बसते, आणि घराचं दार उगीचच थोडं उघडं ठेवते.